२७ सेंटीमीटरचं अपील

आमच्या बागेतल्या खोलीची उंची मोजताना ज्याने टेप पुढच्या बाजूला लावला आणि मागे जाऊन बघायचे कष्टही घेतले नाहीत, त्या माणसावर माझा अजून राग आहे. निकाल आमच्या बाजूने लागला, तरी आहे. तेव्हा खाली तिखट जरा जास्त पडलं असेल तर सांभाळून घ्या.

नवरा तबला वाजवतो. आमचं घर लंडनच्या पश्चिमेला, सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक. त्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या आजींना रात्री नऊनंतर तीनताल नको असतो आणि त्यात त्यांचं काही चूक नाही. म्हणून २०२२ च्या उन्हाळ्यात बागेच्या मागच्या टोकाला एक खोली बांधली. पाच मीटर बाय चार, सपाट छप्पर, भिंतींत आवाज अडवणारी जाड लोकर. इंग्लंडमध्ये बागेतल्या अशा खोलीला बहुतेक वेळा वेगळी परवानगी लागत नाही. ‘पर्मिटेड डेव्हलपमेंट’ म्हणतात त्याला. अटी मात्र असतात. आमच्या कामाची अट अशी: खोली कुंपणापासून दोन मीटरच्या आत असेल, तर उंची अडीच मीटरच्या वर जाता कामा नये. पुढचं सगळं रामायण या अडीच मीटरचं.

जानेवारी २०२४ मध्ये कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, जाड पाकीट आलं. आत ‘प्लॅनिंग काँट्राव्हेन्शन नोटीस’. खोलीत कोण झोपतं, स्वयंपाक होतो का, भाडं घेता का, बांधकाम कधी पुरं झालं, असे प्रश्न. कोणीतरी तक्रार केली होती. कोणी ते कौन्सिल सांगत नाही आणि विचारण्यात अर्थही नाही. आमचा अंदाज असा की, आदल्या गणपतीत पाहुण्यांची वर्दळ आणि रात्री एकपर्यंत दिवे बघून कोणाला तरी वाटलं असावं, इथे माणसं ठेवलीत. आमच्या भागात हा संशय हवेतला नाही. शेडमध्ये गाद्या टाकून भाडं घेणारे खरोखर आहेत. जवळच्या स्लाऊमध्ये तर २०१३ साली विमानातून उष्णता टिपणारे कॅमेरे फिरवून अशा खोल्या शोधल्या होत्या. त्या नोटिशीला उत्तर द्यायला २१ दिवस असतात आणि उत्तर न देणं हाच गुन्हा आहे, तेव्हा ‘बघू नंतर’ नको. आम्ही आठवडाभरात दिलं. पलंग नाही, शेगडी नाही, नळ नाही, तबले चार आहेत. तो विषय तिथे संपला.

पण मग माणूस मोजायला आला. मी कामावर होते. नवऱ्याने दार उघडलं. माणसाने गवतावर उभं राहून पुढच्या दारापाशी टेप लावला, २.७४ मीटर लिहून घेतले, दोन फोटो काढले आणि गेला. दहा मिनिटं.

आता आमची बाग उताराची आहे. घराकडून मागे जाताना जमीन चढत जाते. खोलीच्या मागच्या बाजूला, कुंपणापाशी मोजलं तर उंची भरते २.४७. फरक २७ सेंटीमीटरचा. आणि कायदा काय म्हणतो? जमीन सपाट नसेल तर बांधकामाला लागून असलेल्या सर्वांत उंच जागेपासून मोजायचं. सर्वांत उंच! हे काही कुठल्या निवाड्यात दडलेलं नाही, २०१५ च्या ज्या आदेशात ही परवानगीमुक्त कामं दिली आहेत, त्याच्याच सुरुवातीला लिहिलंय. मी ते वाक्य पिवळ्या रंगात रंगवून ईमेलने पाठवलं. उत्तर आलं, दहा कामकाजाच्या दिवसांत संपर्क करू. पुढच्या पाच महिन्यांत केस तीन जणांच्या हातांतून गेली आणि प्रत्येक नवीन माणसाला मी तेच पिवळं वाक्य पुन्हा पाठवलं. फोन फक्त सकाळी दोन तास चालू. त्या दोन तासांत मी आगगाडीत.

मधल्या काळात एकीने प्रेमळ सल्ला दिला, “सरळ रेट्रोस्पेक्टिव्ह अर्ज टाका ना, होतं मंजूर.” म्हणजे बांधून झाल्यावर परवानगी मागायची. नवरा बधला नाही. “आपण चूक केलीच नाही तर माफी कशाची मागायची?” त्याचा हा ताठा एरवी मला नको होतो, पण इथे कामी आला. कारण एप्रिल २०२४ पासून कायदा बदलला आहे. आधी असा अर्ज केला, तो फेटाळला गेला आणि पाठोपाठ एन्फोर्समेंट नोटीस (म्हणजे बांधकाम सुधारा नाहीतर पाडा, असा हुकूम) आली, तर ‘मग आता तरी परवानगी द्या’ हा मुद्दा अपिलात पुन्हा मांडायची वाट बहुतेक बंद होते. दुसऱ्या एकाने सांगितलं, चार वर्षं गप्प बसा, मग कोणी हात लावू शकत नाही. तेही जुनं झालं. २५ एप्रिल २०२४ नंतर पुरं झालेल्या बांधकामांना आता दहा वर्षं लागतात. आमचं आधीचं, म्हणजे चारच. पण नोटीस दोन वर्षांत आल्यावर चार काय आणि दहा काय.

तर जूनमध्ये खरी एन्फोर्समेंट नोटीस आली. तीन महिन्यांत खोलीची उंची अडीच मीटरवर आणा, नाहीतर पाडा. तिची एक प्रत आमच्या बँकेलाही गेली, कारण घर गहाण आहे आणि जागेत ज्याचा हितसंबंध आहे त्या प्रत्येकाला ती द्यावी लागते. बँकेचं पत्र आलं त्या रात्री मी जेवले नाही.

आता महत्त्वाचं. इतके दिवस मी समजत होते की अपील कौन्सिलकडेच करायचं, वरच्या साहेबांकडे. तसं नाही. अपील जातं ब्रिस्टलच्या प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेटकडे, म्हणजे अशा अपिलांचा निकाल देणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे, आणि तिथे कौन्सिल हा तुमच्यासारखाच एक पक्षकार. त्यांचं काम एवढंच: प्रश्नावली भरून कागद पाठवायचे, शेजाऱ्यांना कळवायचं आणि आपली बाजू मांडायची. म्हणजे ज्या ऑफिसमध्ये मी पाच महिने डोकं आपटत होते, त्याच्या हातात निकाल नव्हताच. हे कळल्यावर मला इतकं हलकं वाटलं की त्या रात्री दोन वेळच्या पोळ्या एकदम खाल्ल्या.

नोटिशीवर ती लागू व्हायची तारीख असते. अपील त्या तारखेच्या आधी पोचलं पाहिजे. विसरले होते, मुलाला ताप होता, काहीही चालत नाही. एक दिवस उशीर झाला की दार बंद, आणि मग नोटीस न पाळणं हा फौजदारी गुन्हा. दंडाला वरची मर्यादा नाही. उलट वेळेत अपील पोचलं की निकाल लागेपर्यंत नोटीस लागू होतच नाही. कोणी हातोडा घेऊन येत नाही.

माझ्याकडून इथे एक गाढवपणा झाला होता. मैत्रिणीचं किचन एक्स्टेंशन नाकारलं गेलं तेव्हाचं तिचं टिपण मी समोर ठेवलं होतं. तिला बारा आठवडे होते. मी आरामात होते! ते बारा आठवडे परवानगी नाकारल्याच्या घरगुती अपिलाचे, एन्फोर्समेंटचे नाहीत. नऊ दिवस उरले असताना लक्षात आलं. (तिच्या प्रकारात वेगळीच मेख आहे. जे म्हणायचं ते सगळं अपिलाच्या अर्जातच म्हणायचं, नंतर बोलायची दुसरी पाळी मिळत नाही.)

अपिलाला सात आधार असतात, इंग्रजी ए ते जी. ‘ए’ म्हणजे परवानगी द्या. त्याला अर्जाच्या दुप्पट फी, तेव्हा २५८ पौंडांचे दुप्पट ५१६. ‘सी’ म्हणजे नियमभंग झालेलाच नाही. त्याला फी नाही. आम्ही ‘सी’ घेतला, शिवाय ‘एफ’ (सांगितलेली उपाययोजना गरजेपेक्षा जास्त) आणि ‘जी’ (मुदत अपुरी). ‘ए’ नवऱ्याने घेऊ दिला नाही, तोच ताठा. तुम्ही असं करू नका. ‘सी’ पडला असता तर आमच्या हातात ‘जी’चे थोडे जास्त महिने सोडून काही नव्हतं. ५१६ पौंडांसाठी मी वर्षभर नीट झोपले नाही.

आणि ‘सी’मध्ये सिद्ध करायचं काम आपलं. कौन्सिलला काही सिद्ध करावं लागत नाही. त्यांचं म्हणणं आलं ते शेवटच्या दिवशी, सहा आठवड्यांची मुदत संपता संपता. आता पवित्रा बदलला होता. ‘सर्वांत उंच जागा’ हा नियम मान्य, पण मागची ती माती तुम्हीच पायाच्या खोदाईतून काढून तिथे टाकलीत, म्हणून ती मूळ जमीन धरता येणार नाही! पाच महिने माझ्या पिवळ्या वाक्याला उत्तर नाही आणि आता हे. उत्तराला आमच्याकडे तीन आठवडे.

मूळ जमीन कुठे होती हे कसं दाखवायचं? गवंड्याकडे फोटो होते, पण खड्डा खणल्यानंतरचे. पलीकडच्या गल्लीत एक काका राहतात, पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन मुलाकडे आलेले. मी लेझरवाला सर्व्हेअर शोधत होते. ते म्हणाले, “अगं, ते लेझर ठेव बाजूला. पारदर्शक नळी आहे का?” मत्स्यालयाच्या दुकानातून दहा मीटर नळी आणली, पाणी भरलं, बुडबुडे काढण्यात अर्धा तास गेला (एक बुडबुडा राहिला तरी सगळं फुकट, असं त्यांनी चारदा बजावलं), आणि लेव्हल काढली. आमच्या कुंपणाजवळची जमीन आणि कुंपणापलीकडची आजींची जमीन, दोन्हीकडची पातळी एकच. फरक जेमतेम एका सेंटीमीटरचा. आजींच्या त्या कोपऱ्यात तीस वर्षांपूर्वीची गुलाबाची झुडपं आहेत, तिथे कोण माती टाकणार? आजींनी स्वतःहून तसं पत्र लिहून दिलं. तबल्याच्या आवाजाबद्दलही त्यात एक वाक्य होतं, ते मी तसंच राहू दिलं.

दुसरा पुरावा सापडला तो नवऱ्याच्या जुन्या फोनमध्ये. ६ एप्रिल २०१९, गुढीपाडवा. पुढच्या दाराशी वारा फार म्हणून त्या वर्षी गुढी मागच्या कुंपणाच्या खांबाला बांधली होती. रेशमी खण, कडुलिंब नाही म्हणून कढीपत्ता, साखरेच्या गाठी सासूबाईंनी पोस्टाने पाठवलेल्या. आणि खाली, कोणाचं लक्षही जाणार नाही तिथे, कुंपणाच्या तळाची काँक्रीटची फळी. तिच्या खाचेपर्यंत माती. आजही तिथेच आहे. खोली बांधायच्या तीन वर्षं आधीचा फोटो, तारखेसकट. मी तो मोठा करून, खाचेवर बाण काढून पाठवला. ब्रिस्टलच्या फायलीत आमची गुढी लागली.

साइट व्हिजिट वसंतात झाली. मी चहा ठेवला, चकल्या काढल्या. निकाल देणारे इन्स्पेक्टर आले ते गाडीतच बसून राहिले, कारण कौन्सिलचा माणूस यायचा होता आणि एकाच पक्षाबरोबर आत यायचं नाही असा दंडक. तो वीस मिनिटं उशिरा. चहा नको म्हणाले, अगदी नम्रपणे. मी मुद्दा सांगायला तोंड उघडलं तर तेही नको. इथे युक्तिवाद करायचा नसतो, एखादी गोष्ट फक्त दाखवता येते. मग मी बोट दाखवलं, फळीच्या खाचेकडे. ते गुडघ्यावर बसले, मागे टेप लावला, पुढे लावला, दोन्ही बाजूंना लावला, कुंपणावरून वाकून आजींचे गुलाब बघितले. कौन्सिलच्या माणसाने सगळा वेळ पावसाकडे बघितलं. चकल्या आम्हीच खाल्ल्या.

काही आठवड्यांनी निर्णय आला. ‘सी’ मान्य, नोटीस रद्द. बाकीचे आधार बघायची गरजच उरली नाही. मूळ जमिनीबद्दल एक परिच्छेद होता आणि त्यात ‘सणाच्या प्रसंगी काढलेल्या छायाचित्रा’चा उल्लेख. नवऱ्याने तो परिच्छेद सासूबाईंना फोनवर दोनदा मराठीत करून वाचून दाखवला.

हो, एक राहिलंच. कौन्सिल अवाजवी वागलं म्हणून तुमचा खर्च फुकट गेला असेल, तर तो मागता येतो. पण लेखी अपिलात ती मागणी शेवटच्या टिपण्यांच्या, म्हणजे त्या तीन आठवड्यांच्या, मुदतीतच करायची. मला हे निकाल वाचताना कळलं. मोजायला येणाऱ्या माणसाबरोबर स्वतःचा टेप घेऊन फिरा, आणि त्याने कुठून मोजलं त्याचा फोटो घ्या, हेही मला नंतरच सुचलं. आणि बांधायच्या आधी चारही कोपऱ्यांत पट्टी उभी करून फोटो काढून ठेवा, गुढी नसली तरी.

कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये आमच्या पत्त्यापुढे ती नोटीस अजून दिसते. ती काढा, असा ईमेल मी निर्णय जोडून केला आहे. दहा कामकाजाच्या दिवसांत संपर्क करू असं उत्तर आलंय. आज एकोणिसावा दिवस.