चौदावा दिवस, चौदावा दिवस!

मूल हवं होतं आणि पाळीच्या चौदाव्या दिवशी बीज सुटतं असं ऐकलेलं, म्हणून आठ महिने आम्ही दोघं त्या चौदाव्या दिवसाच्या मागे लागलो होतो. मोबाईलवर रिमाइंडर, नवऱ्याने त्याला नाव दिलेलं "मीटिंग", म्हणजे चुकून कोणी स्क्रीन बघितली तर लाज नको. आणि दर महिन्याला पाळी यायची ती यायचीच. मग आधी रडारड, त्यानंतर तो कसा तेराव्या दिवशी उशिरा घरी आला त्यावरून भांडण, आणि पुन्हा नवीन रिमाइंडर.

शेवटी डॉक्टरकडे गेलो तर तिने पहिला प्रश्न विचारला, तुझी सायकल किती दिवसांची, म्हणजे एका पाळीपासून पुढच्या पाळीपर्यंत? मी म्हटलं 33-34. ती हसली आणि म्हणाली मग 14व्या दिवशी काय करताय तुम्ही?

तर तो 14 आकडा येतो 28 दिवसांच्या सायकलवरून, आणि खरी गोष्ट अशी की मोजायचं मागून असतं. अंडाशयातून बीज सुटल्यानंतर पुढची पाळी यायला साधारण 12 ते 14 दिवस लागतात, हा भाग बऱ्यापैकी ठरलेला असतो. कमीजास्त होतो तो त्याच्या आधीचा भाग, म्हणजे बीज तयार व्हायला लागणारा वेळ. ताप येऊ दे, जागरणं होऊ दे, टेन्शन असू दे, तोच लांबतो. म्हणजे माझं बीज सुटत होतं 20व्या दिवसाच्या आसपास! आणि आम्ही 13-14 ला मीटिंग आटपून पुढच्या महिन्यापर्यंत निवांत. दार उघडायच्या आधीच बेल वाजवून परत.

बरं, सुटलेलं बीज जगतं जेमतेम 12 ते 24 तास. शुक्राणू मात्र चिवट, पोषक स्राव असेल तर आत 5 दिवसांपर्यंत टिकतात. म्हणून महिन्यातले कामाचे दिवस एकूण सहाच, बीज सुटायच्या आधीचे पाच आणि बीज सुटतं तो दिवस. 1995 साली विलकॉक्स नावाच्या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 221 बायकांच्या रोजच्या लघवीचे नमुने तपासून हेच दाखवलं, त्या सहा दिवसांच्या बाहेर एकही गर्भ राहिला नव्हता. म्हणजे "उद्या ओव्ह्युलेशन (बीज सुटणं) आहे ना, मग उद्याच बघू" हे उलटं गणित आहे, बीज येऊन उभं राहील तेव्हा शुक्राणू आधीच तिथे हजर पाहिजेत.

आणि यातच ती "सेफ पिरियड"वाली, म्हणजे अमुक दिवसांत गर्भ राहतच नाही म्हणणारी भानगड पण येते. ज्यांना आत्ता मूल नको आहे त्यांनी तर हे जास्तच नीट वाचा. 24 दिवसांची सायकल असेल तर बीज 10व्या दिवसाच्या आसपास सुटू शकतं, म्हणजे पाळीच्या पाचव्या-सहाव्या दिवशीचा संबंध पण पुरतो. पाळी संपली की लगेच काही होत नाही, असं छातीठोक सांगणाऱ्या मैत्रिणीला माझा नमस्कार सांगा.

मोजताना अजून एक घोळ होऊ शकतो, पाळी संपल्याच्या दिवसापासून मोजण्याचा. पहिला दिवस म्हणजे नीट रक्तस्राव सुरू झाला तो दिवस, आदल्या दिवशीचा नुसता डाग नाही.

मग ओळखायचं कसं? पाळीच्या नोंदींचं ॲप फक्त मागच्या तारखांवरून अंदाज सांगतं, त्याला तुमच्या अंडाशयातलं काय दिसणारे! थर्मामीटर मी दोन महिने उशाशी ठेवला, पण अंगाचं टेम्परेचर वाढतं ते बीज सुटून गेल्यावर, म्हणजे गाडी गेल्यावर अनाउन्समेंट. पुढच्या महिन्याचा अंदाज बांधायला ठीक. मला सगळ्यात उपयोग झाला तो स्राव बघण्याचा, जो आधी मी इन्फेक्शन समजत होते (हसू नका). बीज सुटायच्या आधी तो पातळ, पारदर्शक, अंड्याच्या पांढऱ्यासारखा ताणला जाणारा होतो, तोच सिग्नल. सोबत ओव्ह्युलेशनची किट, म्हणजे घरीच करायची लघवीची तपासणी, ती पॉझिटिव्ह आली की साधारण 24 ते 36 तासांत बीज सुटतं. पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास) असेल तर मात्र किट फसवू शकते, त्यांनी सोनोग्राफीवरच बघावं.

डॉक्टरने नंतर एवढंच सांगितलं की तारखा सोडा, पाळीनंतर दिवसाआड जवळ या, मीटिंग बंद. आणि नवऱ्याची तपासणी पण करून घ्या, कारण नुसतं बाईचं कॅलेंडर तपासून काय होणार. सगळं टायमिंग जुळलं तरी तरुण निरोगी जोडप्याला एका महिन्यात दिवस राहायची शक्यता चारात एक, फार तर. त्यामुळे वर्षभर वाट बघतात, पस्तिशीच्या पुढे असाल तर सहाच महिने.

आणि त्या आठ महिन्यांत मी दर वेळी 28व्या दिवशी प्रेग्नन्सी टेस्ट करत होते. बीज सुटलेलं 20 ला, म्हणजे दिवस राहिले असते तरी तेव्हा गर्भ नुकता कुठे रुजत असता, टेस्टमध्ये काय डोंबल दिसणार होतं! आठ किट फुकट. नववी केली ती पाळी आठवडाभर चुकल्यावर, भर दुपारी, आणि नवरा ऑफिसच्या खऱ्या मीटिंगमध्ये होता म्हणून फोन उचलेना.