वाळलेला घाम

मे महिन्यात विदर्भातून मुंबईत आलेला पाहुणा दाराशी चपला काढता काढताच तक्रार सुरू करतो की, आमच्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, पण असा घाम काही येत नाही. त्याचे निरीक्षण खोटे नसले तरी निष्कर्ष चुकीचा आहे. नागपूरच्या उन्हात त्याला घाम येतच असतो, बहुधा मुंबईपेक्षा जास्तच. फक्त तो कातडीवर टिकत नाही, म्हणून दिसत नाही.

आपल्या त्वचेत वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात. रक्त तापू लागल्याची खबर मेंदूतल्या अधश्चेतक नावाच्या छोट्याशा भागाला लागली की त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि या ग्रंथी पाझरू लागतात. हवा शरीराहून थंड असते तोवर बरीचशी उष्णता त्वचेवरून नुसतीच बाहेर निघून जाते. पण हवेचे तापमान आपल्या सदतीस अंशांच्या पुढे गेले की उलटा व्यवहार सुरू होतो, हवाच आपल्याला तापवू लागते, आणि मग घामावाचून शरीराला दुसरी वाट उरत नाही. मात्र शरीर गार होते ते घाम आल्याने नव्हे, तो वाळल्याने. एक लिटर घाम त्वचेवरच वाळला, तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो; तोच कपाळावरून टपकला किंवा रुमालाने टिपला गेला, तर त्यातले पाणी आणि मीठ तेवढे जाते, गारवा मिळत नाही. मातीचा माठ याच हिशेबाने चालतो, आणि म्हणूनच कोकणातल्या दमट हवेत त्याचे पाणी उन्हाळ्यातही जेमतेमच गार होते. नागपूरची कोरडी हवा घाम पिऊन टाकते. मुंबईची हवा आधीच पाण्याने भरलेली असल्यामुळे तिला तो घेताच येत नाही.

यात धोक्याचे शहर कोणते, हे मला सहजासहजी ठरवता येत नाही. मुंबईत माणूस चिकचिकीने हैराण होतो, मुलांच्या पाठीवर घामोळे उठते (घर्मग्रंथींची तोंडे बंद होऊन घाम आतच अडकतो तेव्हा ते उठते), पण आपले पाणी जात आहे हे त्याला भिजलेल्या सदऱ्यावरून कळते तरी. कोरड्या उन्हात तेवढीही सूचना मिळत नाही. मीठ घातलेले कैरीचे पन्हे तहान लागण्याची वाट न पाहता देणाऱ्या आजीबाईंना शरीरशास्त्र चांगलेच कळत होते, असे मला वाटते.

सर्वच प्राण्यांना ही सोय नाही. कुत्रे धापा टाकून जिभेवरचे आणि श्वासमार्गातले पाणी वाळवते. म्हशीची अडचण मोठी, कारण कातडी काळी आणि घर्मग्रंथी गाईपेक्षा बऱ्याच कमी. तेव्हा ती दुपारभर डबक्यात बसते आणि अंगावर लेपलेला चिखल बाहेर आल्यावर सावकाश वाळत तिचा घाम होतो. तिला आळशी म्हणणाऱ्यांनी याचा विचार केलेला नसतो.

पंखाही आपल्याला गार करतो तो घामाच्याच भरवशावर. अंगालगतची ओलसर झालेली हवा तो बाजूला सारतो आणि वाळण्याला जागा करून देतो. हवेचे तापमान त्याने कमी होत नाही. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा तर आपल्या मोटारीच्या उष्णतेने ती खोली कणभर तापवतच असतो. हे मी घरात वारंवार सांगत आलो आहे. विजेचे बिल पाहता ते अजून कोणाला पटलेले दिसत नाही.