जावई हॉटेलात

या जानेवारीत आम्ही इंदूरला गेलो ते पॉइंट संपवायला. मावशी तिथे राहते, रात्री खाण्याच्या गाड्या लागणारा सराफा बाजार आहे, महेश्वर जवळ आहे, ही कारणं मागाहून जुळवली. खरं कारण एवढंच, की माझ्या क्रेडिट कार्डावर १८,००० पॉइंट साठले होते आणि त्यातले बरेचसे मार्चअखेर बाद होणार होते.

पॉइंटांचं वेड लागलेली बाई कशी वागते ते माझ्या घरी येऊन बघा. चारजणी बाहेर जेवलो की बिल मी भरते आणि बाकीच्यांकडून यूपीआयने पैसे घेते. भिशीतल्या सगळ्यांची विमानाची तिकिटं माझ्याच कार्डावर निघतात. माझ्या कार्डाचा हिशेब असा: शंभर रुपयांना दोन पॉइंट. ते रोख करून घेतले तर एकाचे २५ पैसे, पण प्रवासाला वापरले तर दुपटीच्याही वर जातात. त्यामुळे पॉइंट देऊन मिक्सर घेणाऱ्यांची मला कीव येते. विजयनगरमधल्या एका हॉटेलची ५,२०० रुपयांची खोली ९,००० पॉइंटांना मिळत होती. म्हणजे पॉइंटला ५८ पैसे! मी दोन रात्री घेऊन टाकल्या. बुकिंग रद्द केलं तर पॉइंट परत नाहीत, हे खाली बारीक अक्षरांत होतं आणि मी ते वाचलंही होतं.

पहिला झटका पुण्याच्या विमानतळावरच बसला. लाउंजच्या, म्हणजे कार्डवाल्यांना आरामात बसून खायला-प्यायला मिळतं त्या खोलीच्या, दारात कार्ड लावलं की दोन रुपये कापले जातात आणि आत सोडतात. माझे कापलेच जाईनात. आधीच्या तिमाहीत ठरलेला खर्च केला नसेल तर लाउंज नाही, असा नियम हल्ली बऱ्याच कार्डांना लागलाय. माझा खर्च बाराशे रुपयांनी कमी पडला होता. "दिवाळीत कुकर घेतला असता तर," नवरा म्हणाला. चहा आम्ही बाहेरच घेतला.

इंदूरला उतरून थेट हॉटेल गाठलं. काउंटरवरच्या मुलाने "पॉइंट बुकिंग" हे शब्द जरा मोठ्यानेच उच्चारले आणि आम्हाला लिफ्टशेजारची खोली दिली. वर कार्डावर अनामत म्हणून दोन हजार रुपये अडकवून ठेवले. रात्रभर लिफ्टचं दार टिंग करत होतं. नाश्ता बुकिंगमध्ये नव्हता.

पण मला लिहायचंय ते संध्याकाळबद्दल.

मावशीचं घर रामबागेत. तिच्याशी गेल्या वर्षभरात मी फारतर तीनदा बोलले असेन. रिकाम्या हातांनी, म्हणजे बॅगांशिवाय आम्ही दारात उभे राहिलो तेव्हा तिने आधी आमच्या मागे बघितलं, मग रिक्षाकडे बघितलं.

"सामान कुठे आहे?"

मी खोटं बोलले. "यांचं विजयनगरला ऑफिसचं काम आहे ना, म्हणून दोन दिवस तिकडेच उतरलोय." नवऱ्याशी हे आधी ठरवायला हवं होतं. तो बूट काढता काढता कौतुकाने म्हणाला, "नाही हो मावशी, काम कसलं? हिला फुकट मिळाली खोली, पॉइंटांवर."

मावशी क्षणभर काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "फुकट मिळाली म्हणून? आणि आम्ही काय भाडं घेणार होतो?"

काका हसले. मला हसता येईना. वरच्या खोलीत गादी घातलेली होती, तिच्यावर घडीची चादर, उशाशी तांब्या-भांडं. बाथरूममध्ये नवा साबण, वेष्टनासकट. जावई पहिल्यांदाच घरी येणार म्हणून गच्चीवर गोवऱ्या पेटवून काकांनी दुपारपासून बाफले भाजले होते. बाफले म्हणजे कणकेचे गोळे, उकडून, भाजून, फोडून तुपात बुडवलेले. ते वाढताना मावशी नवऱ्याला आग्रह करत होती, "जावईबापू, अजून एक घ्या," आणि माझ्या ताटात न विचारता टाकत होती. तिचा राग कळायचा तो एवढ्यावरूनच. जाताना म्हणाली, "घर छोटं थोडीच आहे आमचं." मराठीत हिंदी मिसळून बोलणारी माझी मावशी, एरवी ऐकायला किती गोड वाटतं ते!

माहेरच्या माणसांत हॉटेलात उतरणं म्हणजे काय असतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. पण ५८ पैसे.

जेवणानंतर काकांनी पॉइंटांची भानगड समजावून मागितली. काका बँकेत कॅशियर होते, निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली. हे पॉइंट देतं कोण, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, की कार्ड घेतलं की दुकानदाराला दीड-दोन टक्के सोडावे लागतात, त्यातला तुकडा आपल्याला मिळतो. "आणि?" म्हणाले. आणि मग जी माणसं पूर्ण बिल न भरता 'किमान देय रक्कम' भरतात, त्यांच्याकडून महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज घेतात. "म्हणजे वर्षाला बेचाळीस," काका कागद न घेता म्हणाले. "कोणीतरी बेचाळीस टक्के भरतो आणि त्याच्यावर तू विमानात बसतेस."

मी म्हटलं, मी दर महिन्याला पूर्ण बिल भरते. हे जवळजवळ खरं होतं. मागच्या गणपतीत एकदा तारीख चुकली होती. ३८,०००चं बिल, त्यावर विलंब शुल्क, व्याज आणि जीएसटी मिळून २,७०० रुपये गेले. घरात कोणाला सांगितलं नव्हतं. आता सांगतेय.

त्या रात्री लिफ्टच्या टिंगमुळे झोप येईना, तेव्हा मोबाइलवर हिशेब मांडला. दोन रात्रींचे वाचले १०,४००. एवढे पॉइंट जमवायला दोन वर्षांत नऊ लाखांचा खर्च कार्डावर गेला होता. पेट्रोल, वॉलेट वगैरे पॉइंट न देणारा खर्च वेगळाच. वर्षाला पाच लाख खर्च केले तर वार्षिक फी माफ, आणि माझे दर वर्षी साडेचार लाखच. म्हणून जीएसटी धरून २,९५० अशी दोनदा फी गेली. राहिले ४,५००. गणपतीतले २,७०० वजा: १,८००. सकाळी हट्टाने हॉटेलातच घ्यायच्या ठरवलेल्या नाश्त्याचे दोघांचे १,४००: राहिले ४००. विजयनगर ते रामबाग रिक्षाच्या चार फेऱ्यांचे सहाशे. फुकटच्या खोलीला दोनशे रुपये पदरचे पडले होते. बाफल्यांचं तूप मी हिशेबात धरलं नाही.

सकाळी नाश्ता रद्द केला आणि कोपऱ्यावर पोहे खाल्ले. इथले पोहे वाफेवरचे, त्यात बडीशेप, वर शेव आणि जिरावण मसाला, सोबत जिलबी. दोघांचे ऐंशी रुपये. नवरा म्हणाला, आता कितीत आहोत आपण? मी उत्तर दिलं नाही.

रात्री काका आम्हाला सराफ्यात घेऊन गेले. वाटेत राजवाडा दाखवला. सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे लाकडी, आणि १९८४च्या आगीची गोष्ट. सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांपुढे खाण्याच्या गाड्या लागतात, आणि मग गर्दी अशी, की द्रोण हातात घेऊन उभं राहायलाही जागा शोधावी लागते. मला गर्दी आवडत नाही, पण भुट्ट्याच्या किसासाठी खांद्याला खांदा लावून उभी राहिले. गराडू हा कंद हिवाळ्यातच मिळतो. तो तळून, मसाला भुरभुरून, लिंबू पिळून देतात. मी रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलेलं आहे, म्हणजे क्यूआर स्कॅन करूनही पॉइंट मिळतात. पण गराडूवाल्याचा क्यूआर दुकानाचा नव्हता, त्याच्या साध्या बचत खात्याचा होता, आणि अशा खात्यावर क्रेडिट कार्ड चालत नाही. दोनदा स्कॅन करेपर्यंत काकांनी नोटा दिल्या होत्या. बिल भरायला मिळालं नाही याचं मला वाईट वाटलं, आणि ते कशासाठी वाटलं ते काकांनी ओळखलं.

मग मांडू आणि महेश्वर, दोन दिवस. छान.

परतल्यावर शेवटची रात्र मावशीकडे काढली, वरच्या खोलीत. साबण अजून वेष्टनातच होता. सकाळी काका म्हणाले, फ्रिज घ्यायचाय, चल, तुझ्या कार्डावर घेऊ. पैसे मी तुला देतो, पॉइंट तू ठेव. मला भरून आलं. दुकानात ३१,५००चा फ्रिज ठरला. मी कार्ड काढलं तर दुकानदार म्हणाला, कार्डावर दोन टक्के जास्त लागतील.

"सहाशे तीस," काका म्हणाले. "आणि तुला किती मिळणार?"

"सहाशे तीस." आवाज जरा उतरला होता. "पॉइंट."

"म्हणजे रुपये?"

"तीनशे पासष्ट. हॉटेलात उतरलं तर."

काकांनी खिशातून पाचशेच्या नोटांचं बंडल काढून दोनदा मोजलं आणि काउंटरवर ठेवलं. पावतीबरोबर दुकानदाराने एक कूपन दिलं: पुढच्या खरेदीवर पाचशे रुपये सूट, मुदत ३१ मार्च. मावशीने ते माझ्या पर्समध्ये, कार्डाच्याच कप्प्यात सरकवलं.

"मार्चपर्यंत चालतं म्हणे. ये तोवर. सामान घेऊन ये."