चित्र लहान होतं, कागद नाही

बाहुलीघरासाठी कागदी वस्तू छापताना गफलत होते ती मापाची. चित्र संगणकावर हवं तेवढं लहान करता येतं, कागदाची जाडी मात्र तेवढीच राहते.

बाहुलीघराचं प्रचलित प्रमाण १:१२, म्हणजे खऱ्या एका फुटाला एक इंच. साडेअकरा इंची फॅशन बाहुल्यांना साधारण १:६ चालतं. २० सेंमी उंच, १४ सेंमी रुंद आणि २ सेंमी जाड पुस्तक १:१२ मध्ये सुमारे १६.७ × ११.७ × १.७ मिमी होतं. साधा ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) कागद ०.१ मिमीच्या आसपास जाड असतो. त्या घराच्या हिशेबाने ते सव्वा मिलिमीटरचं पान झालं, म्हणजे पुठ्ठाच! म्हणून आत तेरा-चौदा पानं पुरतात. १२० जीएसएमचं मुखपृष्ठ दोन्ही बाजूंनी मिळून ०.३ मिमी घेतं.

आधी पानांचा गठ्ठा चिकटवून वाळू द्या, त्याची जाडी मोजा आणि मगच मुखपृष्ठ छापा. गोंदाचे थर जाडी वाढवतात, त्यामुळे आधीच आखलेला कणा, म्हणजे पुस्तकाची पाठ, हमखास अरुंद पडतो. मुखपृष्ठाची कड पानांबाहेर ठेवायच्या फंदात पडू नका. खरी ३ मिमीची कड इथे पाव मिलिमीटर होते, ती हाताने सरळ कापली जात नाही. सगळं एकत्र धरून तिन्ही बाजू एकदमच छाटा.

छपाईच्या खिडकीत ‘फिट टू पेज’ बंद, स्केल १००%. फाइलच्या कोपऱ्यात ५० मिमीची रेघ ठेवा आणि छापल्यावर पट्टीने मोजा. ती ४८ भरली तर सगळंच लहान छापलं गेलं. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) १७ मिमी म्हणजे जेमतेम २०० पिक्सेल, तेव्हा फाइल ६०० लाच करावी. १२ पॉइंटचा मजकूर १:१२ मध्ये १ पॉइंटचा होतो आणि छापल्यावर नुसती करडी रेघ दिसते. आतल्या पानांवर ते शोभतं. मुखपृष्ठावरचं शीर्षक मात्र प्रमाण सोडून मोठंच ठेवा.

खोक्यांना १६० ते २०० जीएसएम. चिकटवायची पट्टी ३ मिमीपेक्षा अरुंद असेल तर सुटते. तिची टोकं तिरकी कापा आणि तिच्यावर काही छापू नका, कोऱ्या कागदावर गोंद चांगला धरतो. घडीच्या रेघा सुटं कापण्याआधीच, शाई संपलेल्या बॉलपेनने मोजपट्टी धरून दाबून घ्या. कापलेला तुकडा बोटाखाली सरकतो. झाकण आतल्या डब्यापेक्षा कागदाच्या दुप्पट जाडीने, वर अर्धा मिलिमीटर मोठं हवं. आतल्या खिडक्या आधी कापायच्या, बाहेरची कड शेवटी.

लेझरचा टोनर कागदावर थरासारखा बसतो आणि घडीवर तडकतो. इंकजेटची शाई घडीवर टिकते, पण डाय प्रकारची (पाण्यात विरघळलेल्या रंगाची) असेल तर ओल्या गोंदाने पसरते. रात्रभर वाळवून, कापण्याआधी मॅट वॉर्निशचे दोन पातळ फवारे द्या, चिकटवायच्या पट्ट्या झाकून. पांढरा गोंद टूथपिकच्या टोकाने आणि अगदी कमी. जास्त झाला की कागद फुगून वाकतो.

कापलेल्या कडा पांढऱ्या दिसतात आणि सगळं सोंग तिथेच उघडं पडतं. त्याच रंगाची पेन्सिल कडेवर आडवी फिरवा. मार्करची शाई कागदात झिरपून पुढच्या बाजूला येते.