सात तुकडे

रविवार, रात्री उशिरा

शुक्रवारी संध्याकाळी मी तुकडे मोजायला बसले नसते, तर आज हे पान लिहावे लागले नसते. क्विल्टचा, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून केलेल्या पांघरुणाचा, वरचा थर पूर्ण झाला होता, चारही बाजूंचे त्रिकोण जोडून झाले होते, कोपरे बसले होते आणि आता फक्त एका कोपऱ्यात अक्षरे शिवायची राहिली होती. ज्या क्विल्टवरून मी हे शिवते आहे, ते अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या काळात व्हरमाँट राज्यातल्या जेन स्टिकलने शिवले. तिने आपल्या कोपऱ्यात शिवले ते इतकेच: ‘युद्धकाळात, १८६३’, ‘तुकडे ५६०२’ आणि स्वतःचे नाव. मला युद्धकाळ लिहायचा नव्हता, वर्ष माझे लिहायचे होते आणि नावही माझेच. तिच्याकडून उसना घ्यायचा होता तो एक आकडा. तो घेण्याचा हक्क आपल्याला आहे ना, एवढीच खातरजमा करावी म्हणून मी एकेक ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेला नमुन्याचा एकेक भाग, तिच्या क्विल्टच्या नकाशाशी ताडून पाहू लागले, आणि रात्री साडेअकराच्या सुमारास लक्षात आले की माझ्याकडे सात तुकडे कमी आहेत.

शनिवारी सकाळी चहा घेण्याआधी पुन्हा मोजले. सातच.

कमी भरलेले सगळे तुकडे पहिल्या हिवाळ्यात शिवलेल्या ब्लॉकमधले आहेत. त्या हिवाळ्यात मी हे काम का हाती घेतले, ते इथे पुन्हा लिहीत नाही. काही नमुन्यांत एकाच कापडाचे दोन त्रिकोण शेजारी शेजारी येतात आणि त्यांचा मिळून चौकोन होतो. मी सात ठिकाणी दोन त्रिकोण कापून जोडण्याऐवजी सरळ एकच चौकोन कापला आहे. उजव्या बाजूने पाहणाऱ्याला फरक दिसणार नाही, कारण कापड तेच, रंग तोच आणि आकारही तोच. फरक आहे तो एका तिरप्या शिवणीचा, आणि ती शिवण घालायला जी दहा मिनिटे लागली असती त्यांचा.

सातांपैकी सहा ठिकाणी मी असे का केले, ते मला आठवत नाही. सातवे मात्र लख्ख आठवते. निळ्या बुट्ट्यांचे कापड होते, बाहेर बर्फ पडत होते, अण्णांच्या खोलीतला दिवा विझवून मी येऊन बसले होते, आणि त्रिकोणाची उरेप, म्हणजे तिरकी कापलेली, बाजू इस्त्रीखाली ताणली जाऊन दुसऱ्यांदा वाकडी झाली होती. तेव्हा मी मनाशी म्हटले की हे कोणाला कळणार आहे, आणि चौकोन कापला. ते वाक्य इतक्या वर्षांनी जसेच्या तसे आठवावे याचे मला आश्चर्य वाटत नाही. त्या रात्रीनंतर ते एकदाही आठवले नाही, याचे वाटते.

सुहास म्हणाला, सात म्हणजे काहीच नाही, साडेपाच हजारांत सात. ताईने फोनवर हेच वेगळ्या शब्दांत सांगितले आणि मग तिने आपल्या गुडघ्यांचा विषय काढला. दोघांचे म्हणणे प्रेमाचे होते आणि दोघांवरही मी रागावले. सहा वर्षे मी या घरात जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग अडवून बसले आहे, उजव्या मनगटाला पट्टा बांधून टाके घातले आहेत, दर वेळी भारतात जाताना सामानात तयार कापलेल्या तुकड्यांची पाकिटे नेली आहेत. एवढ्या काळात मला कोणी विचारले नाही की हे कशासाठी चालले आहे, आणि आता पूर्ण होताना जे एक शल्य उरले, ते मोजण्याइतकेही मोठे नाही असे सगळे म्हणतात. काल दुपारभर मी स्वतःची फार कीव केली. दुपारचा स्वयंपाकसुद्धा केला नाही.

पण मला नेमके काय टोचते आहे, ते राग शांत झाल्यावरही उलगडेना. चुका या कामात नव्या नाहीत. साडेचार इंचांच्या ब्लॉकमध्ये सरासरी पंचवीस तुकडे बसवायचे, तर चुका होणारच. दर शिवणीपाठी अर्धे सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, कापड जास्त दाबले गेले, तर आठ शिवणींच्या ब्लॉकमधून अर्धा इंच नाहीसा होतो आणि साडेचाराचे चार होऊन बसतात. मग शेजारच्या ब्लॉकशी टोके जुळवताना ताणाताण करावी लागते आणि कापड फुगते. असे कितीतरी ब्लॉक मी उसवले आहेत. काहींची टोके अजूनही जुळलेली नाहीत, आणि त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही, कारण तिथे माझा हात कमी पडला होता. या सात ठिकाणी हात कमी पडलेला नव्हता. एका ठिकाणी तर निश्चितच नाही.

गेल्या सप्टेंबरात आम्ही ऑल्बनीहून व्हरमाँटमधल्या बेनिंग्टनला गेलो होतो. तासाभराचा रस्ता आहे, आणि आता तो मला पाठ आहे. तिथले संग्रहालय जेनचे ते क्विल्ट वर्षातले थोडेच आठवडे बाहेर काढते. उरलेला काळ ते अंधारात राहते, कारण उजेड या जुन्या सुती कापडाला सोसत नाही. त्या काळचे तपकिरी रंग पक्के करण्यासाठी लोखंडाचे क्षार वापरत, आणि ते लोखंड कापसाचा धागा हळूहळू खात जाते. म्हणून दालनात दिवे मंद असतात आणि माणसे आपोआप हळू बोलतात. पहिल्यांदा गेले तेव्हा पूर्ण क्विल्ट एका नजरेत मावले नव्हते. तेरा ओळी, दर ओळीत तेरा ब्लॉक, भोवती ५२ त्रिकोण आणि कमानी कमानींची किनार, एवढे पाहूनच डोळे दमले. मागच्या खेपेला मात्र मी त्या अक्षरांच्या कोपऱ्यापाशीच उभी राहिले. ज्या बाईने आपले सारे शिवण संपल्यावर तुकडे मोजले आणि तो आकडा शिवून ठेवला, तिला तो आकडा कोणाला तरी सांगायचा होता. शाफ्ट्सबरी गावच्या त्या शेतकरीण बाईला मूलबाळ नव्हते. १८६० च्या जनगणनेत ती एकटी राहणारी म्हणून नोंदलेली आहे, नवरा वॉल्टर त्या काळात तिच्यापाशी नव्हता. यादवी युद्धातली गेटिसबर्गची लढाई झाली ती त्याच १८६३ च्या जुलैमध्ये, आणि व्हरमाँटची माणसे तिथे होती. तिने मात्र युद्धाबद्दल थोडेच शब्द शिवले आणि तुकड्यांबद्दल मोजून आकडा दिला.

मला तो आकडा हवा होता. आज सकाळी एवढे लिहून पाहिले आणि मग बराच वेळ पुढे काही सुचले नाही. सहा वर्षांत जे काही झाले, त्यातले काहीही माझ्या हातात नव्हते. हा आकडा तेवढा हातात होता, आणि मी तो पहिल्याच हिवाळ्यात दहा दहा मिनिटांसाठी सोडून दिला.

दुपारी सगळे उसवायचे ठरवले. सात ब्लॉक उसवून, चौकोन काढून, तिरपे कापून पुन्हा जोडायचे. कात्री हातात घेतल्यावर कळले की ते होण्यासारखे नाही. चौकोन कर्णावर कापून दोन त्रिकोण केले, तर त्यांना जोडायला लागणारी, शिवणीत जाणारी पाव पाव इंच माया कुठून येणार? ती आधीच ठेवावी लागते. म्हणजे प्रत्येक चौकोन फेकून नवे कापड घ्यायचे आणि ते मुद्दाम दोन तुकडे करून जोडायचे. कापड आहे माझ्याकडे. कपाटाचे दोन कप्पे भरून आहे, आणि त्याचीच मला लाज वाटू लागली.

म्हणून मी आजीची वाकळ बाहेर काढली. ती मी बघण्यासाठी काढत नाही, एरवी ती अण्णांच्या जुन्या शालीखाली घडी करून ठेवलेली असते. आज ती टेबलावर पसरली, क्विल्टच्या शेजारी. हिरव्या लुगड्याचे काठ अजून घट्ट आहेत, मधले सगळे विरले आहे. एका बाजूला तळहाताएवढा चौकोन आहे, जांभळ्या कापडाचा. मी तो लहानपणापासून पाहिलेला आहे, झोप येईपर्यंत त्यावर बोट फिरवलेले आहे, पण तो एक चौकोन नाही हे आज पहिल्यांदा पाहिले. तीन पट्ट्या आहेत, एक तर जेमतेम बोटभर रुंदीची, आणि त्या इतक्या बारीक टाक्यांनी जोडल्या आहेत की वरून धावदोरा गेल्यावर जोड लपून गेला आहे. आजीने त्या पट्ट्या जोडल्या, कारण चौकोनाएवढे जांभळे कापड तिच्यापाशी नव्हते. वाकळीत एकूण किती तुकडे आहेत ते तिने कधी मोजले नसणार. तिला मोजायला सांगितले असते, तर तिने माझ्या हातात सुई देऊन दोरा ओवायला लावले असते.

मग जेनचे ते जोडत्रिकोण मला वेगळे दिसू लागले. काही ठिकाणी नमुन्याची गरज म्हणून तिने त्रिकोण केले असतील. काही ठिकाणी मात्र हाती असलेला कपटा चौकोनाला पुरला नसेल, असे मला आज वाटते. युद्ध सुरू झाल्यावर दक्षिणेतला कापूस अडला, उत्तरेतल्या गिरण्यांना माल मिळेना आणि सुती कापड महागले. त्याच वर्षांत तिकडे आमच्या वऱ्हाडात त्याच कारणाने उलटे झाले. इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला, तेव्हा मुंबईच्या व्यापाऱ्यांनी वऱ्हाड आणि खानदेशचा कापूस मिळेल त्या भावाने उचलला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव असे कोसळले की मुंबईच्या पेढ्या बुडाल्या. खामगावच्या बाजाराच्या गोष्टी लहानपणी ऐकताना त्यांचा संबंध एखाद्या युद्धाशी असेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हते. एका युद्धाने इकडे कापड दुर्मीळ झाले आणि तिकडे कापूस सोन्याचा झाला, आणि दोन्हीकडच्या बायकांनी चिंध्या मात्र सारख्याच जपून ठेवल्या. आजी चिंध्यांना ‘बाळसं धरलेलं बोचकं’ म्हणायची. ते बोचके कोठीच्या खुंटीला असे.

तर मी आता कप्प्यातले चांगले, सलग कापड काढून, त्याचे दोन तुकडे करून, ते पुन्हा जोडून आकडा पुरा करायचा का? तसे केले तर आकडा बरोबर येईल, पण ज्या अडचणीतून ती शिवण जन्मली असेल, त्या अडचणीचे मी सोंग आणलेले असेल. हे मनात आल्यावर थोडे हलके वाटले, आणि लगेच शंका आली की हे हलके वाटणे सोयीचे तर नाही? ज्या रात्री मी चौकोन कापला, त्या रात्रीही मला असेच काहीतरी सोयीचे सुचले होते. हा विचार मी आज दुपारपासून इकडून तिकडून चार वेळा केला आहे, आणि प्रत्येक वेळी मी त्या निळ्या बुट्ट्यांपाशी येऊन थांबते. बाकी सहा ठिकाणी मी नकळत चौकोन कापले, माझ्याजवळ कापड भरपूर होते म्हणून कापले. ते माझ्या काळाचे तुकडे आहेत, ते तसेच राहू देत. सातव्याबद्दल मला असे म्हणता येत नाही.

संध्याकाळी फक्त तो एक ब्लॉक उसवला. वरचा थर मांडीवर घेऊन, उलट्या बाजूने, एकेक टाका सुईच्या टोकाने उचलून. शेजारच्या चार शिवणी सैल कराव्या लागल्या. पहिल्या हिवाळ्यातले माझे टाके इतके लांब लांब होते, हे मी विसरले होते. चौकोन निघाला तेव्हा शिवणीत दडलेल्या काठांचे निळे मूळ रंगाचे होते, वरचे सहा वर्षांच्या हाताळण्याने थोडे फिकटले होते.

मग ते निळे कापड शोधले आणि ते संपले आहे असे आढळले. आमच्या गावातले ते दुकान दोन वर्षांपूर्वी बंद झाले. कातरणांच्या पिशवीत तळाशी दोन कपटे मिळाले, एक लांबट आणि एक त्रिकोणी, त्याच बुट्ट्यांचे. त्यांतून सलग चौकोन निघत नाही, मी कागदाचा साचा ठेवून तिन्ही बाजूंनी फिरवून पाहिला. दोन त्रिकोण निघतात. एकाला तिन्ही बाजूंना पाव इंच माया आहे. दुसऱ्याला एका टोकाला अर्धे सूत कमी पडते, तिथे टाके अगदी काठाशी आणि जवळ जवळ घालावे लागतील, आणि उरेप बाजू या वेळी इस्त्रीखाली ओढायची नाही, वरून नुसती दाबायची.

कोपऱ्यासाठी कागदावर ५५९६ लिहून टाचणीने लावून ठेवले आहे. सुहास झोपला आहे. दोरा ओवून ठेवला आहे, तो निळा नाही, पण उजवीकडून दिसणार नाही.