स्लो पंक्चर सापडलं ते आतल्या बाजूला

गाडी 2012 ची, टायरही म्हातारेच, साइडवर 3117 छापलंय म्हणजे 2017 च्या 31व्या आठवड्यातले. मागचं डावं चाक दर आठ दिवसांनी 33 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) वरून 24 वर यायचं, पंपावर हवा भरायची नि विसरायचं असं चार महिने चाललं. पंक्चरवाल्याने दोनदा पाणी मारून बघितलं, खिळाबिळा काय नाय, म्हणाला दादा टायर संपलंय, नवीन टाका. मधे मित्राचं ऐकून 350 रुपयांचं पंक्चर बुजवायचं लिक्विड पण टायरमध्ये ओतलं, शून्य फरक. नंतर डोक्यात प्रकाश पडला, चाक फिरलं की ते ट्रेडकडे (रस्त्याला टेकणाऱ्या भागाकडे) फेकलं जातं, खिळ्याच्या भोकाला ठीक, रिमच्या कडेला ते राहणार कसं.

मग एका रविवारी जॅक लावून चाकच काढलं. भांडी घासायचं लिक्विड पाण्यात कालवलं आणि इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली घेतली (बायकोला नंतर कळलं). आधी व्हॉल्व्हवर (हवा भरायच्या नळीवर) मारलं, तर त्याच्या आतल्या पिनवर हळूच एक बुडबुडा फुगला. पिन 10 रुपयांची, ती फिरवायचा पान्हा 30 चा, बदलली. तरी आठवड्यात 5 पीएसआय गेलेच.

पुढच्या रविवारी चाक आडवं टाकून टायर-रिमच्या खाचेत साबणपाणी भरून दहा मिनिटं चहा पीत बसलो. बाहेरची बाजू कोरडी ठणठणीत, उलटं केलं तर आतल्या बाजूला चार बोटं लांबीचा बारीक पांढरा फेस, साबुदाण्यासारखा. पंक्चरवाल्याने चाक न काढताच पाणी मारलेलं, त्याला ते दिसणार कुठून!

मशीनवाल्याकडे 150 देऊन टायर उतरवलं, आत लिक्विडचं वाळून दही झालेलं आणि टायर बसतो त्या कडेला गंजाचे पापुद्रे. तारेचा ब्रश नि पॉलिश पेपर मी स्वतःच मारला कारण पोऱ्या नुसता फडका फिरवत होता, मग कडेला काळा बीड सीलर (टायर-रिममधली फट बुजवणारा लेप), आणि टायर उघडलाच आहे तर नवीन व्हॉल्व्ह, 40 रुपये.

आता महिन्याला एखादा पीएसआय उतरतो, तेवढा चांगल्या टायरचा पण उतरतो. उजव्या टायरच्या साइडवॉलला मात्र भेगा दिसल्या, तिथे काही प्रयोग केला नाही, सरळ बदलला.