खातं माझं, ओटीपी त्याच्या फोनवर

पगार माझा, खातं माझ्या एकटीच्या नावावर, पण खात्याला जोडलेला मोबाइल नंबर नवऱ्याचा. 'तुला कशाला ती मेसेजची कटकट' म्हणत त्यानेच तो टाकून घेतलेला. पुढे एटीएम कार्डही त्याच्याच पाकिटात गेलं. मला हातखर्च मोजून मिळायचा आणि आधीच्या पैशांचा हिशेब दिल्याशिवाय पुढचे हाती पडायचे नाहीत. माहेरचे म्हणायचे, मारत नाही, पीत नाही, मग त्रास कसला? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळ हासुद्धा हिंसाचार मानलाय. बाईला तिच्या हक्काच्या पैशापासून तोडणं, तिचं स्त्रीधन परस्पर विकणं, घरखर्चाला पैसे न देणं, सगळं त्यात येतं.

दुसऱ्या बँकेत खातं उघडून पगार तिकडे वळवला. ते सहज झालं. घोडं अडलं जुन्या खात्याशी, कारण माझी मुदत ठेव तिथे होती.

नेट बँकिंगवरून नंबर बदलायला गेलं की ओटीपी जुन्या नंबरवर, म्हणजे त्याच्याच हातात. शाखेत गेले तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, मिस्टरांना एकदा घेऊन या ना, पाच मिनिटांचं काम आहे." खातं एकटीचं आहे म्हटलं, तर म्हणे, "हो, पण नंबर त्यांचा आहे ना!" फॉर्म भरला, आधार-पॅनच्या झेरॉक्स जोडल्या. मग सही जुळेना, कारण नमुना सही लग्नाआधीच्या आडनावाची. तीही करून दाखवली. तर साहेब रजेवर. माझ्याच पैशासाठी मी त्या बाकावर ताटकळत बसायचे आणि काउंटरवाला मान वर करून बघायचासुद्धा नाही.

शेवटी अर्ज दोन प्रतींत लिहिला: खातं एकल आहे, मूळ कागदपत्रं सोबत आहेत, नंबर बदलता येत नसेल तर कारण लेखी द्या. दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का मागितला. 'लेखी' म्हटल्याबरोबर केबिनमधून बोलावणं आलं, चहाही विचारला! (नाही घेतला.) तरीही दाद मिळाली नाही, तर बँकेकडे लेखी तक्रार करायची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

एक राहिलंच. नंबर बदलल्याचा मेसेज जुन्या नंबरवरही जाऊ शकतो. माझ्या वेळी गेला आणि संध्याकाळी घरात रामायण झालं. त्यामुळे त्या दिवशी आपण कुठे असणार हे आधी ठरवा. मूळ कागदपत्रं आणि दागिन्यांच्या पावत्या त्याआधीच घराबाहेर सुरक्षित ठेवा. ईमेलचा पासवर्ड तर सगळ्यात आधी बदला, पण त्याला माहीत नसलेल्या फोनवरून.

जॉइंट खातं 'दोघांपैकी कुणीही' असं असेल तर एकटा माणूस सगळे पैसे काढू शकतो. ते गोठवायचा अर्ज एकीलाही देता येतो. आपल्या नावावर परस्पर कर्ज काढलंय का, हे क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसतं. तो वर्षातून एकदा फुकट मिळतो.

त्याने लॉकर रिकामा करायच्या आत याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जा. लॉकर आणि खात्याच्या व्यवहारांवर मनाई आणणारा आदेश मॅजिस्ट्रेट देऊ शकतात. बाईला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, तिचा पगार कितीही असो. कुठून सुरुवात करायची कळत नसेल, तर १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा.